कंपवात व मेंदूचे खोल उद्दीपन : मुंबई परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
चालताना एक हात न हलणे, पावले आखूड पडणे, वळताना पाय जमिनीला खिळणे ही कंपवाताची लक्षणे होत. भाईंदरच्या केबिन रोडसारख्या रस्त्यावर असा माणूस दिसल्यास ते वार्धक्य समजून दुर्लक्षिले जाते. वास्तविक या रोगाच्या आधुनिक इतिहासाचा आरंभ रस्त्यावरच झाला. १८१७ मध्ये लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी ज्या सहा रुग्णांचे वर्णन केले, त्यांपैकी काही त्यांना रस्त्यातच आढळले होते. तेथून शस्त्रक्रियेपर्यंतच्या वाटचालीचा व तीत मुंबईच्या स्थानाचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

औषधोपचाराची पार्श्वभूमी :
मेंदूतील डोपामाइन निर्माण करणाऱ्या पेशींचा ऱ्हास हे या रोगाचे मूळ होय. आयुर्वेदास परिचित असलेल्या खाजकुइलीच्या बियांत लेव्होडोपा असल्याचे १९३७ मध्ये भारतीय संशोधकांनी दाखविले. १९६० च्या दशकात लेव्होडोपा हे प्रमुख औषध ठरले. १९७८ मध्ये डॉ. अशोक वैद्य व सहकाऱ्यांनी खाजकुइलीच्या बियांचा कंपवातावरील उपयोग प्रसिद्ध केला. मात्र औषधाच्या काही वर्षांच्या सेवनानंतर त्याचा प्रभाव मध्येच ओसरू लागतो आणि अनैच्छिक हालचालीही उद्भवतात. शस्त्रक्रियेची गरज येथे निर्माण होते.

शस्त्रक्रियेचा विकास :
पूर्वी मेंदूचा ठरावीक सूक्ष्म भाग नष्ट करून कंप थांबविला जाई. १९८७ मध्ये फ्रान्समधील ग्रेनोबल येथे अलीम लुई बेनाबिद यांना असे आढळले की, तो भाग नष्ट न करता उच्च वारंवारतेच्या विद्युत् स्पंदनांनीही कंप थांबतो. या पद्धतीत मेंदूत बारीक विद्युत् अग्रे बसवून ती गळपट्टीच्या हाडाखालील यंत्राशी जोडतात. स्पंदनांचे प्रमाण बाहेरून बदलता येते, हा तिचा मोठा गुण होय. अमेरिकेत कंपासाठी १९९७ मध्ये व प्रगत कंपवातासाठी २००२ मध्ये तिला मान्यता मिळाली.

मुंबईचे स्थान :
डॉ. नादिर भरुचा व सहकाऱ्यांनी मुंबईच्या पारशी वसाहतींतील १४,०१० व्यक्तींची घरोघरी पाहणी केली. तिचे निष्कर्ष १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत ४६ रुग्ण, म्हणजे लाखामागे सुमारे ३२८ इतके प्रमाण आढळले. पुढे जसलोक रुग्णालयात डॉ. परेश दोशी यांनी खोल उद्दीपनाची शस्त्रक्रिया रुजविली. २००२ मध्येच मीरा-भाईंदर महानगरपालिका अस्तित्वात आली. या नव्या शहरापासून जसलोक सुमारे ४० किलोमीटरवर, म्हणजे लोकलच्या अंतरावर होते. परंतु यंत्राची लाखांच्या घरातील किंमत, त्याच्या जुळवणीसाठी वारंवार घालावे लागणारे खेटे आणि साध्या प्रकारच्या यंत्रात काही वर्षांनी करावा लागणारा बदल यांमुळे हे अंतर सामान्य कुटुंबासाठी फार मोठे ठरते. शिवाय या उपचाराने रोग थांबत नाही. कंप, ताठरपणा व मंदता कमी होते. तोल, वाचा व स्मृती यांवर फारसा लाभ होत नाही. म्हणून रुग्णाची निवड काटेकोरपणे करावी लागते.

निष्कर्ष :
कंपवाताचे ज्ञान रस्त्यावरील निरीक्षणातून व घरोघरच्या पाहणीतून वाढले. उपचार मात्र मोठ्या रुग्णालयात एकवटला. केबिन रोडवर अडखळणारे पाऊल वेळीच ओळखले गेले, तरच पुढील उपचारास अर्थ राहील. तंत्रज्ञानाच्या या इतिहासाचे उरलेले प्रकरण वस्तीपातळीवरील आरोग्यसेवेनेच लिहावयाचे आहे.