‘थंड’ या शब्दाची हकिकत

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ पत्नीला घेऊन माझ्या दवाखान्यात आले. तिला बाहेर बसवून ते आधी एकटेच आत आले. “डॉक्टर, हिला काहीतरी टॉनिक द्या. लग्नाला सात वर्षं झाली, पण ही अगदी थंड आहे.” नंतर मी बाईंशी एकटीशी बोलले. दोन खोल्यांचं घर, पडद्यापलीकडे सासूबाईंचा बिछाना, दिवसभराचं काम, आणि तिसऱ्यांदा दिवस राहतील ही धास्ती. यातलं काहीच नवऱ्याच्या बोलण्यात आलं नव्हतं.

या एका शब्दानं बायकांचं फार नुकसान केलं आहे. इच्छाच न होणं, मन तयार असून शरीर उद्दीपित न होणं, सुखाच्या टोकाला न पोचणं आणि संबंधाच्या वेळी दुखणं या चार निरनिराळ्या तक्रारी. चारींवर चिठ्ठी मात्र एकच. युरोपातले डॉक्टर ‘फ्रिजिडिटी’ म्हणत. त्याचाही अर्थ गारठाच. गंमत अशी, की मध्ययुगातल्या चर्चच्या कायद्यात हा शब्द नपुंसक पुरुषासाठी वापरत. पुढे तो पुरुषाच्या अंगावरून उतरला आणि बाईला चिकटला.

आपल्याकडे वात्स्यायनानं ‘कामसूत्रा’त स्त्रीला पुरुषासारखं सुख मिळतं की नाही, यावरचा आचार्यांचा वाद नोंदवला आहे. दोघांचं सुख सारखंच, असा कौल तो स्वतः देतो. मला त्याहून मोलाचं वाटतं ते नवविवाहितांविषयीचं प्रकरण. पहिल्या तीन रात्री संबंध टाळावा, आधी मुलीचा विश्वास मिळवावा, असं तो सांगतो. विश्वास न मिळवता जबरदस्ती केली, तर तिच्या मनात त्या गोष्टीची घृणाच बसते, असंही बजावतो. ग्रंथ पुरुषांच्या सोयीनं लिहिलेला आहे, हे खरंच. पण कारण बाईच्या शरीरात नसून तिला मिळालेल्या वागणुकीत असू शकतं, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे.

आता एकदम विसाव्या शतकात येऊ. १८८२ साली दोन माणसं जन्मली. एक पॅरिसजवळ, मारी बोनापार्त, नेपोलियनच्या भावाची पणती. दुसरे कोकणात मुरुडला, रघुनाथ धोंडो कर्वे. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही, पण प्रश्न एकच होता.

मारीचं लग्न ग्रीसच्या राजपुत्राशी झालं. संसारात शरीरसुख नव्हतं आणि दोष आपल्या शरीराच्या ठेवणीत आहे, असं तिनं ठरवून टाकलं. १९२४ साली टोपणनावानं तिनं एक शोधलेख प्रसिद्ध केला. शिश्निका, म्हणजे स्त्रीच्या सुखाचं मुख्य इंद्रिय, आणि योनिमार्ग यांच्यातलं अंतर २४३ स्त्रियांमध्ये मोजून तिनं निष्कर्ष काढला, की अंतर जास्त असेल तर संबंधातून सुख मिळणं कठीण. मापं टाकाऊ नव्हती. २०११ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी जुने आकडे पुन्हा तपासले, तेव्हा त्यांत तथ्य आढळलं. चुकला तो उपाय. १९२७ साली मारीनं शिश्निका जागेवरून सरकवण्याची शस्त्रक्रिया करवून घेतली. पुढे आणखी दोनदा सुरीखाली गेली. उपयोग काही झाला नाही.

तिचे गुरू होते सिग्मंड फ्रॉइड. परिपक्व स्त्रीचं सुख शिश्निकेकडून योनीकडे सरकलं पाहिजे, असं त्यांचं मत. म्हणजे शरीरानं जिथे सुखाची सोय केली आहे तिथेच ते मिळालं, तर बाई अपुरी! पुराव्याशिवायच्या या मताचं ओझं युरोप-अमेरिकेतल्या कितीतरी बायकांनी वाहिलं.

त्याच १९२७ च्या जुलैत मुंबईत कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केलं. गणिताचे प्राध्यापक, संततिनियमनाच्या प्रचारापायी कॉलेजातली नोकरी गमावलेले. १९२१ पासून त्यांचं सल्लाकेंद्र चालू होतं आणि पत्नी मालतीबाईंची त्यांना साथ होती. स्त्रीलाही कामेच्छा असते आणि सुखावर तिचा पुरुषाइतकाच हक्क आहे, असं ते मराठीत, उघडपणे लिहीत. गर्भ राहण्याची भीती गेल्याशिवाय बाईला सुख कुठलं, हा साधा विचार त्यांच्या कामात होता. माझ्या दवाखान्यात आलेल्या बाईंचं निम्मं दुखणं त्यात आलं.

वाचक प्रश्न पाठवत आणि कर्वे उत्तरं छापत. या उत्तरांवरूनच १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोक शंका विचारत असतील तर त्यांना ज्ञान मिळालं पाहिजे, या बाजूनं ते लढले. खटला हरला आणि कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. मासिक थांबलं नाही. कर्व्यांचं सगळंच मला पटतं असं नाही. माहिती दिली की प्रश्न सुटतो, असा त्यांचा काहीसा गणिती विश्वास होता. पण बाईच्या सुखाविषयी भर चौकात बोलणारा त्यांच्याइतका धीट माणूस मराठीत दुसरा दाखवणं अवघड आहे. १४ ऑक्टोबर १९५३ ला ते गेले. त्याच्या महिनाभर आधी अमेरिकेत किन्सी यांचा स्त्रियांवरचा ग्रंथ निघाला होता. ५,९४० स्त्रियांना स्वतःबद्दल विचारून लिहिलेला.

१९६६ साली मास्टर्स आणि जॉन्सन यांनी प्रयोगशाळेतल्या निरीक्षणांवरून दाखवलं, की सुखाचे दोन वेगळे प्रकार नसतात आणि शिश्निकेचा वाटा मोठा असतो. फ्रॉइड इथे मागे पडले.

मग १९९८ साली पुरुषांसाठी व्हायग्रा आली आणि बायकांसाठीही गोळीचा शोध सुरू झाला. १९९९ साली अमेरिकेतल्या ४३ टक्के स्त्रियांना लैंगिक तक्रार असल्याचा आकडा गाजला. सातांपैकी एका प्रश्नाला जरी ‘हो’ म्हटलं तरी बाई त्यात मोजली गेली होती. तिला त्याचा त्रास होतो का, हे विचारलंच नव्हतं. व्हायग्राचे स्त्रियांवरचे प्रयोग कंपनीनं २००४ साली थांबवले. रक्तपुरवठा वाढला तरी मनात उद्दीपन होतंच असं नाही, हे कळून चुकलं. फ्लिबान्सेरिन हे आधी नैराश्यासाठी अजमावलेलं औषध. इच्छा कमी असलेल्या स्त्रियांसाठी त्याला अमेरिकेत दोनदा नकार मिळाला आणि २०१५ साली मान्यता मिळाली. रोज घ्यायची गोळी. खोट्या गोळीच्या तुलनेत फायदा महिन्याला सुमारे अर्धा ते एक जास्तीचा समाधानाचा प्रसंग. शिवाय मद्याबरोबर रक्तदाब घसरण्याचा धोका. कुणाला तेवढाही फायदा हवासा वाटेल, पण इतक्या गाजावाजाच्या मानानं तो थोडाच.

खरी मोलाची गोष्ट कॅनडातल्या डॉ. रोझमेरी बॅसन यांनी २००० साली मांडली. अनेक स्त्रियांमध्ये, विशेषतः जुन्या नात्यात, इच्छा आधी उगवत नाही. जवळीक, स्पर्श, निवांतपणा मिळाला की उद्दीपन होतं आणि इच्छा मागून येते. हा आजार नव्हे. आधी इच्छा आलीच पाहिजे, हा हट्टच चुकीचा.

मानसविकारांच्या अमेरिकन वर्गीकरणात २०१३ पासून स्त्रियांची इच्छा आणि उद्दीपन या तक्रारी एकत्र केल्या आहेत. निदानासाठी त्या किमान सहा महिने असाव्या लागतात आणि त्रास बाईला स्वतःला होत असावा लागतो. नवऱ्याची तक्रार पुरत नाही. घरात मारहाण असेल, तर दोष या आजारावर टाकता येत नाही.

तपासणीला आलेल्या बाईकडून डॉक्टरांनी आधी सगळं ऐकून घ्यावं लागतं. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी इच्छा आणि उद्दीपन दोन्ही मंदावतात. थायरॉइड, मधुमेह, अंगावर पाजण्याचे महिने, सततचा थकवा हेही पाहावं लागतं. पाळी गेल्यावर कोरडेपणा येतो. त्यावर वंगणाची जेली किंवा डॉक्टरांच्या सल्ल्यानं इस्ट्रोजेनचं स्थानिक मलम चांगलं चालतं. दुखत असेल तर आधी दुखण्यावर उपचार, बाकीचं मागून. जाताना चालू गोळ्यांची चिठ्ठी बरोबर न्यावी, आणि निदान दहा मिनिटं तरी डॉक्टरांशी एकटीनं बोलायला मागावं.