इंग्रजी स्पेलिंग : चूक कोणाची, प्रमाण कोणाचे?

देवनागरीत अक्षरओळख झालेल्या मुलाची धारणा अशी असते की, कानावर जे पडते तेच कागदावर उतरवावयाचे. इंग्रजीच्या पहिल्याच वर्षी ही धारणा ढासळते. ‘नाइफ’च्या आरंभी न उच्चारला जाणारा ‘के’ लिहावा लागतो. कर्ज या अर्थाच्या ‘डेट’मध्ये मुका ‘बी’ घालावा लागतो. ‘आयलंड’मधील ‘एस’ राहिला तर वहीत लाल रेघ उमटते. मराठी माध्यमाच्या अनेक पिढ्यांनी ही स्पेलिंगे घोकून पाठ केली. पुढे अर्जात वा कचेरीतील टिपणात एखादे अक्षर चुकले म्हणून अनेकांना आपले सारे शिक्षणच उणे वाटू लागले. ज्या प्रमाणापुढे इतके दबावे, ते प्रमाण ठरले तरी कसे?

मुळात इंग्रजीचे लेखन उच्चाराच्या बरेच जवळ होते. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले आणि पुढे फ्रेंच वळणाच्या लेखनिकांनी जुन्या शब्दांचा वेष पालटला. ‘सी’ने सुरू होणारी ‘क्वीन’ ‘क्यू’ने सुरू होऊ लागली. तरीही प्रांतोप्रांतीचा लेखनिक आपापल्या बोलीप्रमाणे लिहीतच होता. १४७६ मध्ये विल्यम कॅक्स्टन याने वेस्टमिन्स्टर येथे छापखाना काढला, तेव्हा नेमके कोणते इंग्रजी छापावे, हा प्रश्न त्याला पडला. १४९० च्या एका प्रस्तावनेत त्याने व्यापाऱ्यांची हकिकत सांगितली आहे. केंटमधील एका बाईकडे त्यांनी अंडी मागितली. शब्द न कळल्याने, आपल्याला फ्रेंच येत नाही, असे तिने सांगितले. व्यापारीही इंग्रजच होते! कॅक्स्टन मुद्रणाचा धंदा युरोप खंडात शिकून आला होता. ‘घोस्ट’मधील ‘एच’ हा त्या फ्लेमिश वळणाचा अवशेष मानला जातो.

छापील अक्षरे स्थिरावत होती, त्याच काळात जिभा मात्र बदलत होत्या. साधारण १४०० ते १७०० या तीन शतकांत इंग्रजीतील दीर्घ स्वरांचे उच्चार पार सरकले. ‘नाइट’ म्हणजे सरदार. या शब्दातील ‘के’ आणि ‘जीएच’ एके काळी स्पष्ट उच्चारले जात. ध्वनी गेले, अक्षरे राहिली. त्यामुळे आजचा विद्यार्थी पुष्कळदा पाचशे वर्षांपूर्वीचा उच्चार लिहीत असतो.

परंतु सगळीच मुकी अक्षरे अशी प्रामाणिक नाहीत. ‘डेट’ हा शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात ‘बी’ नव्हता. सोळाव्या शतकात लॅटिनचा अभिमान वाढला आणि ‘डेबिटम’ या मूळ शब्दाची आठवण राहावी म्हणून तो घालण्यात आला. ‘डाउट’मधील ‘बी’ आणि ‘रिसीट’मधील ‘पी’ यांची कुळकथा हीच. ‘आयलंड’ची गोष्ट तर याहून मौजेची आहे. हा शब्द अस्सल जुना इंग्रजी. लॅटिन ‘इन्सुला’शी त्याचा काही संबंध नाही. पण ‘इन्सुला’पासून आलेल्या ‘आइल’ या शब्दाच्या संगतीने त्यात ‘एस’ शिरला. ‘कुड’मधील ‘एल’ही ‘वुड’ आणि ‘शुड’ यांच्या पंक्तीला बसवण्यापुरताच आला. ज्या अक्षरासाठी मुलांचे गुण कापले जातात, ते अक्षर विद्वानांच्या चुकीनेच तेथे आलेले असावे, यात थोडा अन्याय आहे, हे मान्य करावे लागेल.

या गोंधळात व्यवस्था लावण्याचे काम बव्हंशी शिक्षकांनी केले. लंडनच्या मर्चंट टेलर्स शाळेचा मुख्याध्यापक रिचर्ड मल्कास्टर याने १५८२ मध्ये ‘एलिमेंटरी’ या ग्रंथात हजारो शब्दांची शिफारसयोग्य स्पेलिंगे दिली. केवळ उच्चारावर विसंबता येणार नाही, कारण उच्चार माणसागणिक व काळागणिक बदलतो. रूढीलाही मान दिला पाहिजे, हे त्याचे म्हणणे. १६०४ मध्ये शिक्षकी पेशातल्याच रॉबर्ट कॉड्री याने कठीण शब्दांचा छोटा कोश काढला. त्याच्या मुखपृष्ठावरच ‘वर्ड्‌स’ हा शब्द दोन प्रकारे छापलेला आहे. शेक्सपिअरच्या उपलब्ध सहा सह्यांपैकी एकीतही त्याचे नाव आजच्या रूढ रीतीने लिहिलेले नाही. त्याला कोणी नापास केले नाही.

सॅम्युअल जॉन्सनचा कोश १७५५ मध्ये आला आणि सुशिक्षितांनी तो प्रमाण मानला. त्याने रूढी जशी दिसली तशी नोंदवली. म्हणून ‘रिसीट’मध्ये ‘पी’ राहिला आणि त्याच घराण्यातल्या ‘डिसीट’मध्ये नाही. अमेरिकेत नोआ वेब्स्टरने १८२८ च्या कोशात ‘कलर’मधील ‘यू’ गाळला आणि तो गळलाच. ‘विमेन’ उच्चाराप्रमाणे लिहिण्याची त्याची सूचना मात्र कोणी मनावर घेतली नाही. १९०६ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सरकारी छपाईत तीनशे शब्द सोपे करण्याचा हुकूम काढला, तोही प्रतिनिधिगृहाने त्याच वर्षी हाणून पाडला.

नेहमीच्या चुकांपैकी काहींना शब्दाचे मूळ तारते. ‘सेपरेट’मध्ये ‘पी’नंतर ‘ए’ की ‘ई’, हा घोळ लॅटिन ‘पारारे’ आठवले की मिटतो. ‘अकॉमोडेशन’मध्ये दोन ‘सी’ आणि दोन ‘एम’ येतात, कारण तेथे दोन उपसर्ग एकापुढे एक जोडलेले आहेत. ‘आयलंड’पुढे मात्र पाठांतराशिवाय उपाय नाही.

इंग्रजीला सर्वमान्य अशी नियामक संस्था कधीच लाभली नाही. मराठीचे तसे झाले नाही. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ मध्ये महाराष्ट्र शासनाने स्वीकारले, १९७२ मध्ये आणखी चारांची भर पडली, आणि केवळ व्युत्पत्ती दाखवणारे मुके अनुस्वार शाळेच्या पुस्तकांतून गेले. त्यापूर्वी ‘नांव’ लिहिणारा विद्यार्थी शुद्ध लिहीत होता; पुढे त्याच्या मुलाने तसेच लिहिले, तेव्हा तो अनुस्वार लाल शाईने खोडला गेला.