शिशाची कल्हई

सन 1965. तुम्ही दहा वर्षांचे आहात आणि आईनं तांब्याचं पातेलं घेऊन जालन्याच्या बाजारात पिटाळलंय. (जालना अजून औरंगाबाद जिल्ह्यातला तालुका. वेगळा जिल्हा व्हायला 16 वर्षं आहेत.) कल्हईवाले चाचा भाता ओढतात. पातेलं तापलं की चिमूटभर नवसागर, भस्सकन पांढरा धूर, नाकात झणका. मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्यानं एक गरका, आणि तांबडा तळ डोळ्यांदेखत चांदीचा होतो. एक डाग मात्र राहतो. पातेलं परत विस्तवावर. "डाग राहिला की आमटी तिथंच कळकती, बाळा."

त्याच वर्षी अमेरिकेत स्टॅनफर्डला तांब्याच्या डब्याला आतून शिशाचा थर देऊन त्यातून इलेक्ट्रॉन पळवले जातात. डब्यात रेडिओलहर घुमते आणि नेमक्या क्षणी इलेक्ट्रॉनला रेटा देते. नुसतं तांबं असेल तर लहरीची बरीच ताकद भिंती तापवण्यात जाते. शिसं उणे 266 अंशांखाली अतिवाहक होतं, तापणं जवळपास थांबतं. प्रवाह फक्त वरच्या पापुद्र्यातून वाहतो, म्हणून कल्हईवर भागतं.

डोळे मिटा. उघडलेत ते 2007 साली, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. हातात मोजे. समोर तांब्याचा डबा, आत घंटेच्या लोळीसारखा तांब्याचाच दांडा. असे 28 डबे सात शीतपात्रांत बसतात, द्रवरूप हेलियमच्या गारठ्यात. इथं भाता नाही, शिसं रसायनाच्या हौदात चढतं. डाग दिसला तर थर उतरवून पुन्हा पहिल्यापासून. चाचा इथं परके वाटले नसते.

इथं मात्र इलेक्ट्रॉन नाहीत, जड आयन धावतात, तेही प्रकाशाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपासच्या वेगानं. इलेक्ट्रॉन जवळपास प्रकाशाच्याच वेगानं जातो, म्हणून त्याच्या डब्याचा घाट निराळा: नायोबियमचे गोलसर मणी, ओळीनं जोडलेले. 1300 मेगाहर्ट्झची लहर 23 सेंटीमीटरची, मणी तिच्या निम्मा, साडेअकरा. इलेक्ट्रॉन पुढच्या मण्यात शिरतो तोवर लहर उलटलेली असते, रेटा पुन्हा पुढेच. आधीचे डबे सरळ भिंतींचे होते. त्यांत भटके इलेक्ट्रॉन एकाच जागी आपटून वाढत राहायचे नि सगळी ताकद खायचे. 1970च्या दशकाअखेर भिंतीला बाक दिला, तशी ती खोड मोडली. नवा धातू नाही, नवं यंत्र नाही, नुसता बाक! या शास्त्रातली इतकी देखणी युक्ती मला दुसरी ठाऊक नाही.

तुमच्या हातातला डबा लवकर झाकून ठेवा. शिशाला दमट हवा सोसत नाही, आणि संस्थेच्या कुंपणाला लागूनच समुद्र आहे.