मिनेस्त्रोनेवरील आळ

सन १८५५ सालीं इटलींत पटकीची सांथ फिरत होती. त्या वर्षीं समुद्रस्नानाच्या हंगामांत पेल्लेग्रीनो आर्तूसी नांवाचा, पस्तिशीच्या घरांतला एक व्यापारी लिव्होर्नो बंदरास गेला. शनिवारीं सायंकाळीं एका खाणावळींत शिरून आज सूप कोणतें, अशी त्यानें पृच्छा केली. उत्तर आलें, मिनेस्त्रोने. तें पोटभर खाऊन तो बिऱ्हाडीं येऊन निजला. परंतु रात्रभर पोटांत अशी कांहीं गडबड उडाली कीं त्याच्या डोळ्यास डोळा लागला नाहीं. सारा दोष त्यानें मिनेस्त्रोनेस दिला, त्यास मनसोक्त शिव्या घातल्या, आणि सकाळच्या पहिल्या आगगाडीनें फ्लॉरेन्स गांठलें. तेथें त्यास बरें वाटूं लागलें. सोमवारीं मात्र बातमी आली कीं लिव्होर्नोंत पटकी उद्भवली असून, आपण ज्याच्या घरीं उतरलों होतों तो घरमालकच तिचा पहिला बळी झाला आहे.

ही हकीकत आर्तूसीनें स्वतःच लिहून ठेविली आहे, आणि तीही कोठें, तर मिनेस्त्रोने कसें करावें हें सांगणाऱ्या कृतीच्या आरंभीं! १८९१ सालीं त्यानें पाकशास्त्रावरील आपला ग्रंथ पदरच्या खर्चानें छापला. पहिल्या आवृत्तींत ४७५ कृति होत्या. १९११ सालीं, म्हणजे त्याच्या मृत्यूच्या वर्षीं, त्यांची संख्या ७९० वर गेली होती. इटली १८६१ त एक राज्य झालें खरें; पण मिलानचें ताट आणि नेपल्सचें ताट हीं एकमेकांस ओळखत नव्हतीं. त्यांची ओळख करून देण्याचें बरेंचसें श्रेय ह्या ग्रंथास दिलें जातें, आणि तें योग्यच आहे.

'मिनेस्त्रा' ह्या शब्दाच्या मुळाशीं वाढणें, सेवा करणें ह्या अर्थाचा लॅटिन धातु आहे. त्याला मोठेपणा दाखविणारा प्रत्यय लागून 'मिनेस्त्रोने' झालें. वाटीभर पातळ सूप नव्हे, तर चमचा जड जावा असें भरगच्च वाढप, असाच ह्याचा भाव. हा पदार्थ रोमन लोकांपासून चालत आला, असें पुष्कळ वेळां सांगण्यांत येतें. तें अर्धेंच खरें आहे. ॲपिसियसच्या नांवावर असलेल्या प्राचीन लॅटिन पाकसंग्रहांत सातू, हरभरे, मसूर व वाटाणे एकत्र शिजवून त्यांत कोबी, बीटचा पाला, बडीशेपेचा पाला व कोथिंबीर चिरून घालावी, असें सांगितलें आहे. तेव्हां पातेलें जुनें आहे; पण त्यांतील ऐवज बराचसा नवा. आजच्या मिनेस्त्रोनेंतला घेवडा, बटाटा, टोमॅटो हीं सारीं अमेरिकेंतून आलेलीं. त्यापूर्वी तेथें घेवड्याच्या जागीं आपली चवळी असे! टोमॅटोचा उल्लेख मात्तिओली ह्या वैद्यानें १५४४ त केला. परंतु त्याच्या सॉसची कृति छापण्यास सतराव्या शतकाची अखेर उजाडावी लागली. बटाट्यास तर त्याहूनही उशीर लागला. आपण हंसण्याचें कारण नाहीं. ऋषिपंचमीस आपण जी ऋषींची म्हणून भाजी करतों, तिच्यांतील मका व तांबडा भोपळा हे त्याच खंडांतले पाहुणे. आणि 'बटाटा' हा शब्दच आपण पोर्तुगीजांकडून घेतला.

आतां त्या आळाकडे वळूं. १८५५ सालीं पटकी दूषित हवेनें होते, अशीच बहुतेक वैद्यांची समजूत होती. नवल हें कीं, आर्तूसी ज्या फ्लॉरेन्सला पळून गेला, तेथेंच आदल्या वर्षीं, १८५४ त, फिलिप्पो पाचीनी ह्या शरीरशास्त्रज्ञानें पटकीनें मेलेल्या माणसांच्या आंतड्यांत सूक्ष्मदर्शकाखालीं तिचे जंतु पाहून तसें प्रसिद्धही केलें होतें. त्याच वर्षीं लंडनमध्यें जॉन स्नो हा डॉक्टर एका सार्वजनिक पंपाच्या पाण्याकडे बोट दाखवीत होता. पाचीनीकडे कोणीं लक्ष दिलें नाहीं. कॉखनें १८८४ सालीं कलकत्त्यास संशोधन पुरें करून तोच जंतु जगापुढें ठेविला, तेव्हां पाचीनीस वारून वर्षही उलटलें नव्हतें. त्याचें नांव त्या जंतूच्या शास्त्रीय नांवाशीं जोडलें गेलें तें १९६५ सालीं. हा जंतु पाण्यांतून पसरतो आणि उकळी सोसत नाहीं. म्हणजे त्या शनिवारच्या जेवणांत संशय घ्यावयाचाच, तर पेल्यांतल्या पाण्याचा आधीं घ्यावयास हवा होता. चुलीवर तास दोन तास रटरटलेल्या सुपाचा सर्वांत शेवटीं.

आर्तूसीनें ह्या सुपाशीं वैर मात्र धरलें नाहीं. पुनःपुन्हां करून त्यानें तें सुधारलें. त्याची रीत अशी: मूठभर घेवड्याचे दाणे मांसाच्या रश्शांत शिजवावे, दाणे वाळलेले असल्यास आधीं पाण्यांत शिजवून घ्यावे. कोबी, पालक व थोडा बीटच्या जातीचा पाला चिरून, धुऊन, कोरड्या पातेल्यांत चुलीवर ठेवावा व सुटलेलें पाणी निपटून टाकावें. चार-पांच माणसांस ५० ग्रॅम डुकराच्या मांसाची चरबी, लसणाची पाकळी व पार्सली बारीक करून परतावी आणि पाल्यावर ओतावी. मग सेलरी, गाजर, एक बटाटा, एक झुकिनी व अगदीं थोडा कांदा ह्यांच्या पातळ चकत्या, शिजलेले दाणे व थोडा टोमॅटोचा आटीव रस घालावा. शेवटीं रस्सा ओतून त्यांतच तांदूळ शिजवावे. ते इतके असावे कीं सूप जवळजवळ कोरडें व्हावें. उतरतांना पार्मेझान चीज किसून घालावें. जिनोव्हाचे लोक ह्यांत तुळशीच्या जातीच्या बेझिलची चटणी ढवळतात. शाकाहारी घरांत रश्शाऐवजीं पाणी व चरबीऐवजीं ऑलिव्हचें तेल चालतें. मात्र मग थोडे दाणे ठेचून घालावे, नाहीं तर दाटपणा येत नाहीं.

एवढें सगळें सांगून झाल्यावरही आर्तूसी बजावतो कीं, हें सूप नाजूक पोटाच्या माणसांसाठीं नव्हे.