चला, विनिपेगच्या गल्लीत खेळायला

पापण्या सावकाश उघडा. तुमच्याच श्वासाची वाफ त्यांच्यावर गोठली आहे, म्हणून त्या एकमेकींना चिकटल्या आहेत. श्वास आत घेतलात की नाकातले केस कडक होऊन टोचतात. पाऊल टाकलंत की बुटाखालचा बर्फ करकरतो. आणि हो, तुम्ही आता बारा वर्षांचे आहात. गुडघे दुखत नाहीत, दम लागत नाही, फक्त भूक सारखी लागते.

साल 1935, महिना डिसेंबर. शहर विनिपेग, कॅनडाच्या अफाट गवताळ मैदानांतलं. वस्ती संपली की चारी दिशांना गव्हाची सपाट जमीन आहे आणि ती आत्ता पांढरीशुभ्र झाली आहे. मध्ये डोंगर नाही, टेकडीसुद्धा नाही, त्यामुळे उत्तरेचा वारा थेट तुमच्या गळपट्ट्यात शिरतो. आकाशाकडे बघा. सूर्याच्या डाव्या-उजव्या बाजूला आणखी दोन ठिपके लखलखतायत. हवेतल्या बर्फकणांनी तयार केलेले प्रतिसूर्य आहेत ते. असे तीन सूर्य दिसले की आज थंडी भयंकर आहे एवढं समजायचं आणि कानटोपी भुवयांपर्यंत ओढायची.

तुम्ही उभे आहात नॉर्थ एन्ड नावाच्या वस्तीत. दक्षिणेला कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचं भलंमोठं यार्ड पसरलंय. डबे एकमेकांवर आदळल्याचा आवाज रात्रभर येतो, कोळशाचा धूर छपरांवर रेंगाळतो. आर्लिंग्टन पुलावरून यार्डापलीकडे जाता येतं. अलीकडे राहतात युक्रेन, पोलंड, रशिया, जर्मनीतून आलेली माणसं: कारखान्यात राबणारी, शिवणकाम करणारी आणि मंदीत काम सुटलेलीही. घरं लाकडी, एकमेकांना खेटून बांधलेली. खिडक्यांच्या काचांवर आतून बर्फाची नक्षी चढली आहे.

शाळेची वाट सेल्कर्क अव्हेन्यूवरून जाते. इथे घाई करू नका, नाकाला काम द्या. बेकरीतून राय धान्याच्या काळ्या पावाचा आंबूस वास येतो. पुढच्या दारातून लसूण घातलेल्या सॉसेजचा धूर, त्याच्या पुढे पिंपात मुरलेल्या काकड्या. रस्त्याच्या मधोमध दूधवाल्याचा घोडा उभा आहे. त्याच्या पाठीवरून वाफा निघतायत, नाकपुड्यांभोवती बर्फाची मिशी आली आहे. या घोड्याकडे नीट लक्ष असू द्या. संध्याकाळच्या खेळाला तोच सामान पुरवणार आहे. कसं, ते कळेलच.

शाळेत शिरलात की ऊब अंगावर येते, आणि तिच्याबरोबर वासही. वाफेच्या रेडिएटरवर तीस-चाळीस जोड ओले लोकरी हातमोजे वाळत घातले आहेत. ओल्या मेंढीचा वास, तेल पाजलेल्या लाकडी जमिनीचा वास आणि शाईचा वास. बाईंनी हजेरी घेतली की निम्म्या आडनावांवर त्यांची जीभ अडखळते. भिंतीवर राजाची तसबीर आहे आणि जगाचा नकाशा. त्यात साम्राज्याचे सगळे देश गुलाबी. जरा पुढे होऊन बघा: मुंबई, पुणे, कोकण, सगळं त्याच गुलाबी रंगात आहे. तुमचे आजोबा-पणजोबा आत्ता तिकडे धुळीत विटीदांडू खेळत असतील.

धडा चालू आहे, पण तुमचे डोळे घड्याळाकडे. कारण इथे दुपारी साडेचारला सूर्य मावळतो. शाळा सुटल्यापासून काळोख पडेपर्यंत जेमतेम तासभर उजेड मिळतो, आणि त्यातला एक क्षणही वाया घालवायचा नसतो.

घंटा झाली. पळा!

घरामागच्या गल्लीत पोरं जमली आहेत. चाकांनी आणि बुटांनी दाबून बर्फ गुळगुळीत झालाय. गोलाच्या खुणेला बर्फाची दोन ढेकळं ठेवली आहेत. आता संघ पाडायचे. प्रत्येकाने आपली हॉकी स्टिक मध्ये टाकायची. ढीग झाला की एकाने डोळे मिटून त्यातून स्टिका उचलायच्या, एक या बाजूला, एक त्या बाजूला. तुमची स्टिक जिकडे पडली तो तुमचा संघ. मागून ‘मला का नाही घेतलं’ म्हणायला जागा नाही. कोण धिप्पाड, कोण लंगडा, कोण कालच गल्लीत राहायला आला, डोळे मिटलेल्या हाताला यातलं काही कळत नाही.

पक, म्हणजे चेंडूऐवजीची चकती? रबरी पक विकत घ्यावा लागतो, आणि बर्फाच्या ढिगात गेला की तो वसंत ऋतूपर्यंत सापडत नाही. म्हणून सकाळचा तो घोडा. त्याच्या लिदीचा गोळा या थंडीत तासाभरात दगडासारखा होतो, घसरतो छान, फुकट मिळतो आणि हरवला तर पुढच्या कोपऱ्यावर दुसरा असतोच. नाक मुरडू नका. गोठलेल्या लिदीला वास येत नाही. फक्त थंडी उतरायला लागली की तोंड मिटून खेळायचं.

आता पायांना संरक्षण हवं. ईटन्सच्या दुकानाचा जाडजूड कॅटलॉग घरोघर येतो. बायका तो पानापानाने वाचतात, कोट आणि पडदे मनातल्या मनात विकत घेतात. नवा आला की जुना तुमचा. मधोमध दुमडून मोज्यात सरकवायचा आणि वरून बरणीच्या झाकणाची रबरी कडी चढवायची. झाले नडगीचे पॅड. ठणकन गोळा आदळला तरी पानं मार खातात, हाड वाचतं.

नियमही ठरलेले आहेत. पक उंच मारायचा नाही, कारण डोळे आणि खिडक्या दोन्ही महाग आहेत. घोडागाडी आली की सगळ्यांनी भिंतीला चिकटायचं. गोल झाला की नाही यावर भांडण होणार, दोन मिनिटं आरडाओरडा होणार, मग कोणीतरी पुन्हा खेळायला सांगणार. शिट्टी वाजवणारा नाही, प्रशिक्षक नाही, टाळ्या वाजवणारे आईबाप नाहीत. खेळ पूर्ण तुमच्या ताब्यात आहे. न्यायही तुम्हीच करायचा आणि निवाडा तुम्हीच पाळायचा, कारण तो पाळला नाही तर उद्या खेळायला कोणी उरणार नाही.

आज सगळ्यांना फ्रिट्झ हॅन्सन व्हायचंय. आठवड्यापूर्वी विनिपेगचा फुटबॉल संघ हॅमिल्टनला जाऊन तिथल्याच टायगर्सना 18-12 असा हरवून आला आणि ग्रे कप जिंकला. कॅनडाच्या पश्चिमेकडच्या संघाने हा चषक जिंकण्याची ही पहिली वेळ. हॅन्सन अंगाने लहानखुरा, पण त्या घसरड्या मैदानावर तो कोणाच्या हाती लागला नाही. म्हणून आज हॉकी खेळतानाही प्रत्येक पोर वाकडंतिकडं पळतंय आणि स्वतःचं नाव हॅन्सन सांगतंय. तुम्हीही सांगा. इथे त्याला परवानगी लागत नाही.

काळोख पडला, गल्लीच्या टोकाला दिवा लागला. त्या पिवळ्या वर्तुळात खेळ अजून चालू आहे. घराघरांच्या दारांतून हाका येतायत, युक्रेनियनमध्ये, यिद्दिशमध्ये, पोलिशमध्ये. शब्द वेगळे असले तरी ‘जेवण निवतंय’ हा सूर सगळ्यांना कळतो. कोणीतरी ओरडतं, पुढचा गोल करेल तो जिंकला! आतापर्यंतचे सगळे गोल पुसले जातात. जो तासभर हरत होता त्याच्या अंगात एकदम वारं संचारतं.

मित्राच्या घरी जेवायला बसा. बीटचं लालभडक सूप, वर आंबट सायीचा गोळा. बटाट्याचं सारण भरलेले पेरोगी लोण्यात परतलेल्या कांद्याखाली चमकतायत. आजी तुमची ताटली रिकामी होऊच देत नाही. घरात पैसा नाही हे तुम्हाला कळतं, पण बटाटे आहेत, आणि पाहुण्याला नको म्हणायची मुभा नाही.

जेवलात? मग रिंकवर चला. खरा बर्फ तिथे आहे.

काल रात्री तुम्ही झोपला होतात तेव्हा वस्तीतले काही बाप इथे उभे होते. दिवसभर काम करून किंवा काम शोधून आलेली माणसं. हातात रबरी नळी, दाढीवर बर्फ. पाण्याचा पातळ थर द्यायचा, तो गोठू द्यायचा, मग दुसरा. घाई केली तर कवच धरतं आणि खालून पोकळ राहतं. थरावर थर देत त्यांनी ही काच बनवली आहे. बर्फाला लागणारी थंडी या शहरात कोणालाच विकत घ्यावी लागत नाही. फक्त पाणी हवं आणि रात्री जागणारी माणसं.

स्केट्स थोरल्या भावाचे आहेत, तुमच्या पायाला दोन अंक मोठे. तीन मोजे घाला, पुढे कागद कोंबा, नाडी करकचून आवळा. आता बर्फावर उतरा. पात्यांचा खर्र खर्र आवाज ऐका. कडेच्या फळ्यांवर पक आदळतो तेव्हा सगळा मोहल्ला दणाणतो. वारा कानशिलं कापतो, पाठीवर मात्र घाम उतरतोय. मुलीही हात धरून गोल गोल फिरतायत. एक चिमुरडी लाकडी खुर्ची पुढे ढकलत उभं राहायला शिकतेय.

बोटं बधिर झाली की रिंकच्या कडेच्या खोपटात शिरायचं. एकच खोली, मध्ये बिडाची शेगडी लालबुंद तापलेली, भोवती पोरांची दाटी. स्केट्सच्या पात्यांनी लाकडी जमिनीचा भुसा झालाय. कोणाचा तरी हातमोजा शेगडीला चिकटून जळतोय. आणि आता सावध राहा, कारण गोठलेल्या पायांत रक्त परत येतंय. ही कळ इतकी भयंकर असते की दांडगी पोरंही तोंड फिरवून मुसमुसतात. कोणी कोणाला हसत नाही. प्रत्येकाची पाळी येते.

खोपटात एखादा म्हातारा असतोच. तो फाल्कन्सची गोष्ट सांगतो. विनिपेगमधल्या आइसलँडी घरांतली पोरं 1920 साली अँटवर्पला गेली आणि बर्फावरच्या हॉकीतलं ऑलिंपिकचं पहिलं सुवर्ण घेऊन आली. 1932 साली लेक प्लॅसिडला सुवर्ण जिंकलं तेही विनिपेगच्याच संघाने. ऐकताना पोरांची पाठ ताठ होते. याच शहरात सहा वर्षांचा होत आलेला एक युक्रेनियन मुलगा आत्ता असाच बर्फावर धडपडत असेल, टेरी सॉचुक नावाचा. पुढे तो गोलरक्षक म्हणून एनएचएल या व्यावसायिक हॉकी लीगमध्ये 103 सामन्यांत प्रतिस्पर्ध्याला एकही गोल करू देणार नाही. आज त्याच्या नावाची कोणालाच खबर नाही.

शनिवारची संध्याकाळ रेडिओची. ज्याच्या घरी संच आहे त्याच्या बैठकीत जमिनीवर पोरं, खुर्च्यांवर मोठी माणसं. टोरंटोहून हॉकीचा समालोचक फॉस्टर ह्युइट याचा आवाज खरखरत येतो आणि जो खेळाडू कधी पाहिला नाही तो डोळ्यांपुढे धावायला लागतो. त्यांचे चेहरे हवेत तर आईला बी हाइव्ह छापाचं मक्याचं सिरप घ्यायला लावा. डब्यावरचा कागद टपालाने पाठवला की बदल्यात हॉकीपटूचा फोटो येतो. म्हणून या गल्लीतली पोरं न कुरकुरता सिरप खातात.

हिवाळा एकदाचा उतरतो. रेड नदीचा बर्फ तडकायला लागतो. वितळलेल्या रस्त्यांखालून निघतो इथला कुप्रसिद्ध चिखल: काळा, चिकट, बूट ओढून घेणारा. तुम्ही एका पायावर उभे, दुसरा मोजा हवेत, बूट मागे रुतलेला. कोरडा कोपरा दिसला की गोट्यांचा डाव मांडला जातो. मग येतो एकाच बॅटवर अख्खी गल्ली खेळेल असा सॉफ्टबॉल. जूनमध्ये नऊ वाजत आले तरी चेंडू दिसतो, आणि डासांचे थवे उघड्या नडग्यांवर तुटून पडतात. एका हाताने झेल घ्यायचा, दुसऱ्याने डास मारायचे.

आणि मग तो जुलै. 11 जुलै 1936 ला पारा 108 फॅरनहाइटवर गेला, म्हणजे आपल्या हिशेबात 42 अंशांच्या वर. नागपूरकर म्हणतील, एवढंच ना? पण ही घरं थंडी बाहेर ठेवण्यासाठी बांधलेली, आत भट्टी पेटल्यासारखी झाली आहेत. माणसं अंथरुणं घेऊन अंगणात आणि ओसरीवर आली आहेत. रस्त्याचं डांबर टाचेला चिकटतंय. तेवढ्यात टापा वाजतात. बर्फवाल्याची गाडी! हिवाळ्यात नदीतून कापून भुशात पुरून ठेवलेल्या लाद्या. तो कुऱ्हाडीने तुकडा पाडतो, ढलप्या उडतात आणि सगळी पोरं झडप घालतात. एक ढलपी तोंडात टाका. दात कळवळतात, हनुवटीवरून पाणी ओघळतं, भुशाचा एक कण जिभेवर राहतो.

आता परत यायची वेळ झाली. येताना इथलं एकच घेऊन या. त्या पोरांकडे पैसा नव्हता, सामान नव्हतं, कोणी शिकवणारं नव्हतं, तरी त्यांचं लहानपण खेळाने काठोकाठ भरलेलं होतं. त्यामागे मोठ्यांनी केलेली दोन कामं होती. त्यांनी रात्र जागून जागा तयार करून दिली, आणि सकाळी ती पोरांच्या हवाली करून ते निघून गेले. आपल्या सोसायटीतली, वाड्यातली, गावातली मोकळी जागा आज गाड्यांनी आणि मांडवांनी भरून गेली आहे. त्यातला एक तुकडा पोरांसाठी राखून ठेवा. तिथे पाटी लावू नका, फी घेऊ नका, शिट्टी घेऊन उभे राहू नका. नियम ती स्वतः करतील.