पेठांचा हंगाम

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या जागी एकेकाळी पाणी होतं. रावणेश्वराचं तळं. कोल्हापूर हे मुळात तळ्यांचं गाव. शहर वाढत गेलं तशी तळी बुजली. वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं, कपिलतीर्थाची मंडई झाली आणि रावणेश्वराच्या तळ्याचं स्टेडियम झालं. रावणेश्वराचं देऊळ आजही शेजारी उभं आहे. त्याच बाजूला साठमारी आहे, जिथे संस्थानी काळात हत्तींचे खेळ होत. जवळच राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीसाठी बांधलेलं खासबाग मैदान आहे, 1912 साली पूर्ण झालेलं. हत्ती, मल्ल आणि फुटबॉल हे तिन्ही या एवढ्याशा टापूत नांदले, आणि तिन्ही पाहायला माणसं त्याच पेठांमधून चालत आली.

हिवाळ्यापासून वळवाच्या पावसापर्यंत या स्टेडियममध्ये कोल्हापूरचा फुटबॉल हंगाम चालतो. एक सामना दुपारी दोनला, दुसरा चारला. मार्च-एप्रिलच्या उन्हात पायऱ्या तापलेल्या असतात, तरी मोठ्या लढतीच्या दिवशी त्या भरतात. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, प्रॅक्टिस क्लब, संध्यामठ, जुना बुधवार पेठ, उत्तरेश्वर, फुलेवाडी ही यातल्या संघांची नावं. बहुतेक नावं तालमींची नाहीतर गल्ली-पेठांची आहेत. या हंगामाचा सारा इतिहास त्यात सामावलेला आहे.

तालीम म्हणजे मुळात कुस्तीचा आखाडा. तांबडी माती, हौद, मारुतीची तसबीर, पहाटेच्या जोर-बैठका. पण कोल्हापुरात तालीम ही तेवढ्यावर कधीच थांबली नाही. तालमीत गणपती बसतो आणि मोहरमचे पंजेही बसतात. पंजे खांद्यावर घेणाऱ्यांत हिंदू घरांतली मुलं पिढ्यान्‌पिढ्या आहेत. पेठेतलं भांडण तालमीच्या कट्ट्यावर मिटतं. 2019 आणि 2021 च्या महापुरात माणसं बाहेर काढायला आणि जेवण पोचवायला याच मंडळांचे कार्यकर्ते धावले होते. अशा संस्थेच्या हाती फुटबॉल आला, तेव्हा तो क्लबचा खेळ न राहता पेठेचा झाला. हा बदल कोणी ठरवून केला नाही. आखाड्यात घाम गाळणाऱ्या पोरांनी संध्याकाळी चेंडूला पाय लावला आणि ज्या नावानं ते कुस्ती धरत होते, त्याच नावानं ते मैदानात उतरले.

संस्थानात खेळांना राजाश्रय होता. शाहू महाराजांनंतर 1922 साली गादीवर आलेल्या राजाराम महाराजांच्या काळातही तो टिकला. 1940 साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची स्थापना झाली. गावात कोणी हे पूर्ण नाव घेत नाही, सगळे ‘केएसए’च म्हणतात. त्याच वर्षी नोव्हेंबरात राजाराम महाराजांचं निधन झालं. पुढे संस्थान विलीन झालं, पण छत्रपती घराण्याचा केएसएशी असलेला धागा तुटला नाही. मालोजीराजे छत्रपती हे आजच्या पिढीतलं त्यातलं ठळक नाव. वरिष्ठ गटातल्या 16 संघांची साखळी, त्यांची सुपर सीनियर आणि सीनियर अशी आठ-आठांची विभागणी, खालच्या गटांतून वर येण्याची धडपड, खेळाडूंची नोंदणी, पंचांची नेमणूक, शिस्तभंगाची कारवाई, हे सारं केएसए पाहते. इतक्या शिस्तीनं आणि इतकी वर्षं साखळी चालवणं सोपं नाही.

हंगामाची पहिली ठिणगी मैदानात पडत नाही, ती पडते नोंदणीच्या दिवसांत. कोणता फॉरवर्ड कोणत्या तालमीकडे गेला, कोणाचा गोलकीपर फुटला, याची चर्चा चहाच्या गाड्यांवर रंगते. एका पेठेत वाढलेला मुलगा दुसऱ्या पेठेची जर्सी घालतो, तेव्हा घरातल्यांनाही चार प्रश्नांना उत्तरं द्यावी लागतात. ईर्षा हा शब्द एरवी मराठीत वाईट अर्थानं येतो. कोल्हापुरात तो खेळाचं इंधन आहे.

साखळी सुरू असते, तशीच पुढे चषकांची रांग लागते. सतेज चषक, चंद्रकांत चषक, राजेश चषक, अटल चषक, महापौर चषक. नावं वाचली की शहराचं राजकारणही वाचता येतं. फुटबॉलची गर्दी म्हणजे पेठांमधली तरुण मतं, हे नेत्यांनी फार लवकर ओळखलं. पण यात निव्वळ हिशेबच पाहणं अन्यायाचं होईल. 2019 साली कोल्हापूर उत्तरमधून आमदार झालेले आणि डिसेंबर 2021 मध्ये निधन पावलेले चंद्रकांत जाधव हे स्वतः फुटबॉल खेळलेले होते. पैसा बाहेरून आला, तरी खेळाची ओढ आतलीच होती.

दूरच्या एका देशाशी तुलना केली की कोल्हापूरचं वेगळेपण नीट दिसतं. दक्षिण कोरियात व्यावसायिक लीग सुरू झाली ती 1983 च्या मे महिन्यात, सोलच्या दोंगदेमुन स्टेडियमवर. पहिल्या हंगामात संघ फक्त पाच. पोलाद कारखान्याचा एक, देवू या उद्योगसमूहाचा एक, तेल कंपनीचा एक, बँकेचा एक आणि हालेलुया नावाचा ख्रिस्ती धर्मप्रचारासाठी निघालेला एक. पहिलं विजेतेपद या हालेलुयानंच पटकावलं. लष्करी राजवट तेव्हा खेळांना जोरानं पुढे रेटत होती, आणि कंपन्यांनी तिजोऱ्या उघडल्या. आज त्या लीगच्या वरच्या गटात 12 संघ आहेत. 33 फेऱ्या झाल्या की गुणतक्त्याचे दोन तुकडे होतात, वरचे सहा विजेतेपदासाठी झुंजतात आणि खालचे सहा तग धरण्यासाठी. सक्तीच्या लष्करी सेवेत असलेल्या खेळाडूंचा एक वेगळा संघही तिथे आहे, पूर्वी सांग्जूचा, आता गिमचॉनचा. कोल्हापूरच्या साखळीतही पोलिसांचा संघ उतरत आला आहे, हे साम्य गमतीचं आहे. फरक मात्र मुळातला आहे. कोरियात आधी कंपनी आली, मग संघ, आणि समर्थक सर्वात शेवटी. कोल्हापुरात समर्थक आधीपासून कट्ट्यावर बसलेलेच होते.

त्यामुळे इथला हंगाम चालतो तो वर्गणीवर, जुन्या खेळाडूंच्या खिशातून, पेठेतल्या दुकानदारांच्या मदतीवर. अलीकडे चांगल्या खेळाडूला मानधन मिळू लागलं. गेल्या दशक-दीड दशकात नायजेरियासारख्या आफ्रिकी देशांतले खेळाडूही इथे उतरले, आणि शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवरून त्यांची नावं अस्सल कोल्हापुरी हेल काढून घुमली. त्यांच्यामुळे खेळाचा वेग आणि उंचीवरचे चेंडू बदलले, बघणाऱ्यांची नजरही बदलली. त्याचबरोबर स्थानिक पोरांची जागा कमी होते आहे, अशी तक्रारही उठली. ती तक्रार खोटी नव्हती.

या इतिहासाची एक काळी बाजूही आहे. अटीतटीच्या सामन्यात शिव्यांचं रूपांतर दगडांत झालं, समर्थक मैदानात घुसले, पोलिसांना लाठी उचलावी लागली, सामने अर्ध्यावर थांबले, असं या शहरानं अनेकदा पाहिलं आहे. त्याची सर्वात मोठी किंमत मोजली ती खेळाडूंनी. ज्या वयात वर्षाला तीस-चाळीस सामने मिळायला हवेत, त्या वयात हंगाम तुटला की पायातली धार जाते. मार्च 2020 च्या टाळेबंदीनं हंगाम थांबवला, त्याला इलाज नव्हता. दगडफेकीनं थांबणाऱ्या सामन्याला मात्र इलाज आहे, आणि तो प्रत्येक तालमीच्या वडीलधाऱ्यांच्या हातात आहे.

या मातीतून वर गेलेलं सर्वात ओळखीचं नाव अनिकेत जाधव. जन्म 2000 सालचा, घर रिक्षाचालकाचं. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तो घडला आणि ऑक्टोबर 2017 मध्ये भारतात झालेल्या 17 वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला. फुटबॉलच्या कोणत्याही वयोगटाच्या विश्वचषकात भारताचा संघ उतरला तो तेव्हा पहिल्यांदाच. कोल्हापुरात चौकाचौकांत त्याचे फलक लागले. 2019 साली त्याला इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे तीन महिने सराव करता आला. पुढे जमशेदपूर, मग हैदराबाद. इंडियन सुपर लीगच्या 2021-22 च्या हंगामात हैदराबादनं विजेतेपद मिळवलं, त्या संघात तो होता. कोल्हापूरच्या शेकडो घरांत आज मुलगा बूट मागतो तेव्हा आईवडील लगेच नाही म्हणत नाहीत. त्याला हेही एक कारण आहे.

मुलींची गोष्ट याहून नवी आहे. तालीम ही पुरुषांची जागा, त्यामुळे पेठेचा संघ म्हणजे मुलांचा संघ, हे पिढ्यान्‌पिढ्या गृहीत धरलं गेलं. ते गृहीतक हलायला 2017 उजाडावं लागलं. त्या वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरात इंडियन विमेन्स लीगची प्राथमिक फेरी शाहू स्टेडियमवर झाली. देशभरच्या मुली ज्या गवतावर खेळल्या, त्या गवतावर कोल्हापूरच्या मुलींचाही हक्क आहे, हे तेव्हा सर्वांना समोर दिसलं. एफसी कोल्हापूर सिटी हा मुलींचा संघ मे 2019 मध्ये लुधियानाला झालेल्या राष्ट्रीय लीगच्या अंतिम टप्प्यात खेळला. पुढच्या हंगामात तो बंगळुरूलाही गेला. तालमींच्या नावानं मुलींचे संघ साखळीत उतरणं, ही आता पुढची पायरी आहे, आणि तिला उशीर झालेला आहे.

पेठेपेठेत आजही असे म्हातारे खेळाडू भेटतात, ज्यांना चाळीस वर्षांपूर्वीच्या अंतिम सामन्यातला गोल कोणत्या मिनिटाला, कोणत्या पायानं झाला ते आठवतं. तालमीच्या भिंतींवर काळ्या-पांढऱ्या फोटोंच्या चौकटी आहेत. अनवाणी नाहीतर फाटक्या बुटांतले अकरा जण, मध्ये चषक, मागे पंच. बऱ्याच फोटोंवर ना नावं आहेत ना साल. वाचकांपैकी कोणाच्या घरी किंवा तालमीत असा फोटो असेल, तर तो या रविवारी खाली उतरवा, एखाद्या जुन्या खेळाडूला शेजारी बसवा आणि मागच्या बाजूला अकराही जणांची नावं आणि साल पेन्सिलनं लिहून ठेवा.