'थुरिया'वरचे मुठीतले यंत्र
उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या नांदगावात बसून मी नौकानयनाचा इतिहास चाळतो, याचे शेजाऱ्यांना हसू येते. २०१८च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत अभिलाष टॉमी गोव्यात बांधलेल्या 'थुरिया'वर होते. मुंबईत बांधलेल्या 'सुहैली'ची ती प्रतिकृती. नियम १९६८चे : सेक्स्टंट, कागदी नकाशे, जीपीएस मोहोरबंद. सेक्स्टंटवर माझाही जीव. पण तो खलाशाला त्याचा ठावठिकाणा सांगतो, किनाऱ्याला नाही. २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरातील वादळात डोलकाठ्या मोडल्या, पाठीला जबर इजा झाली, उठणेही अशक्य झाले. तेव्हा मुठीत मावणाऱ्या उपग्रह-यंत्रावरून त्रोटक संदेश गेला. २४ तारखेला फ्रेंच 'ओसिरिस' जहाजाने त्यांना उचलले.